पूर्वपक्ष उकरला, पण वाचला नाही

नाताळ जवळ आला की मराठी समाजमाध्यमांवर एक वाद नव्याने पेटतो. एक बाजू सांगते, खरा येशू चर्चने दडपला, इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने चार शुभवर्तमानं निवडली आणि उरलेली जाळून टाकली. नॉस्टिक, म्हणजे मुक्ती गूढ ज्ञानाने मिळते असं मानणारे सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्ती गट, हेच येशूचे अस्सल शिष्य आणि त्यांचं ज्ञान म्हणजे आपलाच वेदांत. दुसरी बाजू उत्तर देते, नॉस्टिक मत म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाची भेसळ झालेलं पाखंड. चर्चने ते वेळीच ओळखलं, नॉस्टिकांच्या जुन्या पोथ्यांत आज वाचण्यासारखं काही नाही. भांडण कितीही तावातावाने चाललं तरी दोघांचं गृहीतक एकच असतं: सुरुवातीला कुठेतरी एक निर्मळ ख्रिस्ती धर्म होता, आणि तो कोणाच्या ताब्यात होता हे ठरवायला या पोथ्या पुरावा म्हणून हजर करायच्या. माझं म्हणणं असं, की हा निकाल त्या पोथ्या देऊच शकत नाहीत आणि त्यांच्याकडून तो मागत राहणं म्हणजे त्या न वाचण्याची सोय करून घेणं आहे. प्लेटो वाचून वाढलेल्या माणसांनी, प्लेटो वाचूनच वाढलेल्या दुसऱ्या माणसांशी, एका जुन्या आणि अवघड प्रश्नावर घातलेला वाद त्यांत आहे. देव चांगला असेल तर त्याचं जग असं का? हा प्रश्न मध्ये ठेवल्याशिवाय ना नॉस्टिक कळतात, ना त्यांना पाखंडी ठरवणारे.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. १९४५ च्या डिसेंबरात वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ शेतकऱ्यांना पपायरसच्या बांधीव पोथ्या सापडल्या: बारा पोथ्या आणि तेराव्या पोथीची काही पानं, सगळी कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत. पोथ्यांचा रांजण फोडण्याची जी थरारक कथा सांगितली जाते तिच्यावर अलीकडे अभ्यासकांनी रास्त शंका घेतल्या आहेत, पण पोथ्यांच्या काळाबद्दल फारसा वाद नाही. एका पोथीच्या चामडी वेष्टनाला ताठपणा यावा म्हणून आत भरलेल्या रद्दी कागदांवर इ.स. ३४० नंतरच्या दशकातल्या तारखा आहेत. या पोथ्यांत पन्नासहून थोडे जास्त लेख. येशूची ११४ वचनं असलेलं थोमाचं शुभवर्तमान त्यातच आहे, आणि बाहेर नाव झालं ते त्याचंच. पण त्याच ढिगात ग्रीक-इजिप्शियन परंपरेतल्या हर्मेसच्या नावावरची प्रार्थना आहे, चर्चमधले सनातनी ख्रिस्तीही आवडीने वाचत ती सेक्स्टसची नीतिवचनं आहेत, आणि चक्क प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला एक उतारा आहे. त्याचं कॉप्टिक भाषांतर इतकं बिघडलेलं, की हा प्लेटो आहे हे अभ्यासकांना सुरुवातीला ओळखताही आलं नाही. एखाद्या पंथाचं गुप्त धर्मशास्त्र असं दिसतं का? हा संग्रह कोणी केला, का पुरला, पाखोमियस या ख्रिस्ती संन्याशाने स्थापलेल्या जवळच्या मठातल्या भिक्षूंशी त्याचा काय संबंध, यावर तर्क पुष्कळ आहेत. निर्णायक पुरावा मात्र एकाचाही नाही.

नायसियाचा मुद्दा एका परिच्छेदात संपवता येतो. त्या परिषदेने शुभवर्तमानं निवडली नाहीत. तिथला वाद पुत्र आणि पिता यांच्या संबंधाबद्दलचा होता. चार आणि चारच शुभवर्तमानं असली पाहिजेत असा आग्रह लियाँचा बिशप आयरेनियस याने परिषदेच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी धरला होता, तेव्हा त्याच्यामागे सम्राटाचं सैन्य नव्हतं. ख्रिस्ती लोकच छळले जात होते. नव्या करारातल्या २७ पुस्तकांची आज ओळखीची असलेली यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ च्या पत्रात दिली. पण दडपणुकीचं म्हणणं करणाऱ्यांच्या बाजूला जो खरा भाग आहे तो मान्य करायलाच हवा. अथनेशियसने त्याच पत्रात इतर ग्रंथ वाचू नका असं बजावलं. साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर पाखंडींविरुद्ध कायदे झाले, आणि ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावी भिक्षूंनी व्हॅलेंटिनस या दुसऱ्या शतकातल्या नॉस्टिक गुरूच्या अनुयायांचं प्रार्थनास्थळ जाळलं. हे कपोलकल्पित नाही. फक्त ते दुसऱ्या शतकावर मागे ढकलता येत नाही. व्हॅलेंटिनस १४० च्या सुमारास अलेक्झांड्रियाहून रोमला आला तेव्हा तो तिथल्या ख्रिस्ती मंडळीतच शिकवत होता. कोण आत आणि कोण बाहेर, हे तेव्हा अजून ठरायचं होतं.

दुसऱ्या बाजूचा सबळ मुद्दाही तितकाच खरा आहे. पोथ्या सापडेपर्यंत नॉस्टिकांची ओळख त्यांच्या विरोधकांकडूनच होती, म्हणून विरोधकांनी सगळं खोटंच लिहिलं असणार, असं अनेकांनी धरून ठेवलं होतं. आपल्याकडे चार्वाकाचं असंच झालं. त्याचं दर्शन माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त, म्हणजे खंडन करणाऱ्याच्या ग्रंथात, पूर्वपक्ष म्हणून उरलं. ऋण काढून तूप प्यावं, एवढाच चार्वाक सगळ्यांना पाठ आहे. तो खरंच तेवढाच होता का, हे तपासायला मूळ ग्रंथ आपल्याकडे नाही. नॉस्टिकांच्या बाबतीत इतिहासाने ही संधी दिली. आयरेनियसने १८० च्या सुमारास लिहिलेल्या पाच खंडांच्या ग्रंथात एका मताचा सारांश दिला आहे, तो नाग हम्मादीत सापडलेल्या ‘योहानाचं गुप्त पुस्तक’ या लेखाच्या पूर्वार्धाशी ताडून पाहता येतो. ताडून पाहिलं तर तो बराचसा जुळतो. आयरेनियसने वाचलं होतं, आणि जे वाचलं ते त्याने ढोबळपणे बरोबर सांगितलं. दोनशे वर्षांनंतरच्या एपिफेनियस या बिशपबद्दल तसं म्हणता येत नाही. नॉस्टिकांच्या नावावर त्याने जे किळसवाणे कामाचार खपवले त्यांचा नाग हम्मादीत मागमूस नाही. या पोथ्या उलट देहसंयमाकडे, काही तर टोकाच्या वैराग्याकडे झुकतात. म्हणजे सगळे विरोधक खोटारडे हे चूक, आणि सगळे विश्वासार्ह हेही चूक. प्रत्येकाला स्वतंत्र तपासावं लागतं, आणि नेमकं तेच काम या वादात कोणाला करायचं नसतं.

आता मी ज्याला युक्तिवाद म्हणतो तो पाहा. ‘योहानाच्या गुप्त पुस्तका’त जगाचा निर्माता याल्दाबाओथ नावाचा एक अज्ञानी शासक आहे. त्याच्या वर कधीही न कळणारं, न क्षीण होणारं एक परमतत्त्व आहे, पण त्याची खबर याला नाही. आपण घडवलेलं जग पाहून तो गर्जतो: मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्यावाचून दुसरा देव नाही. बायबल वाचणाऱ्याला दोन्ही वाक्यं ओळखू येतील. पहिलं निर्गमातल्या दहा आज्ञांमधलं, दुसरं यशयाचं. त्यावर लेखक म्हणतो, असं बोलून त्याने दुसरा देव आहे हेच देवदूतांना कळवलं. दुसरा नसता तर त्याला ईर्ष्या वाटली असती कोणाची? हे वाक्य मला पहिल्यांदा वाचतानाच थांबवून गेलं होतं, आणि अजूनही थांबवतं. यात कुठलंही गूढ दर्शन नाही. ही एका धर्मग्रंथातल्या वाक्याची तर्कशुद्ध, आणि निर्दय, चिकित्सा आहे.

ही चिकित्सा कुठल्या कसोटीवर चालली आहे? प्लेटोच्या ‘टिमेअस’ संवादात जगाचा कारागीर चांगला आहे असं सांगितलं आहे, आणि जो चांगला त्याच्या ठायी कशाबद्दलही असूया उपजत नाही, असं लगेच पुढे म्हटलं आहे. सुशिक्षित ग्रीक भाषकाला हे वाक्य तोंडपाठ असण्यासारखं होतं. ते मनात ठेवून निर्गमातली ती आज्ञा वाचणाऱ्या माणसापुढे अडचण उभी राहतेच: जो देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणतो तो प्लेटोचा चांगला कारागीर कसा? अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याने पहिल्या शतकात ‘टिमेअस’ आणि बायबलमधलं ‘उत्पत्ती’ हे पुस्तक यांचा मेळ घालून दोघांचा निर्माता एकच मानला होता. नॉस्टिक लेखकाने तो मेळ तोडला: कसोटी प्लेटोची ठेवली आणि मोशेच्या देवाला तीत नापास केलं. आणि आयरेनियस? आपल्या तिसऱ्या खंडात देवाचे दोन तुकडे करणाऱ्या मार्कियनचा समाचार घेताना, न्यायी आणि चांगला देव एकच आहे हे मानणारा प्लेटो या लोकांपेक्षा जास्त धार्मिक ठरतो, असं तो म्हणतो, आणि पुरावा म्हणून असूयेचं तेच वाक्य प्लेटोच्या नावानिशी उद्धृत करतो! ज्यू, नॉस्टिक आणि बिशप, तिघांच्याही मागे एकच वाक्य. मग सांगा, यांतली ग्रीक भेसळ कोणती आणि निर्मळ धर्म कोणता?

तरी आक्षेप उरतो: वाक्य उचलणं आणि विचार उसना घेणं यांत फरक आहे, चर्चने तत्त्वज्ञान हत्यार म्हणून वापरलं, नॉस्टिकांनी त्याला धर्मच बनवलं. टर्टुलियन या उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २०० च्या सुमारास अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध असा प्रश्न विचारला तो याच अर्थाने, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन इतिहासकार हार्नाकने नॉस्टिक मत म्हणजे ख्रिस्ती धर्माचं तीव्र ग्रीकीकरण, असा सिद्धांतच मांडला. आक्षेप वजनदार आहे, पण आधी टर्टुलियनकडेच पाहा. आत्मा हा सूक्ष्म असला तरी देहधारीच आहे, हे त्याचं मत स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाचं आहे, आणि त्याच पंथातला रोमन सेनेका अनेकदा आपलाच वाटतो असं तोच लिहून गेला आहे. त्याच्या आधी जस्टिन या विचारवंताने ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही, सॉक्रेटिसला तो ख्रिस्ताआधीचा ख्रिस्ती म्हणत होता. अलेक्झांड्रियाचा क्लेमंट म्हणाला की ज्यूंना जसं नियमशास्त्र तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान. त्यानेच त्यांना ख्रिस्तापर्यंत आणून सोडलं. आणि नायसियाच्या श्रद्धावचनात पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं सांगणारा जो शब्द बसवला गेला, तो बायबलमध्ये नाही. त्याआधी तो नॉस्टिक लेखनात वापरला गेला होता. ज्याला भेसळ चालत नाही त्याला मग ते श्रद्धावचनही चालू नये.

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला परका नाही. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्सने गोव्यात १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ पुराणाच्या घाटात, सुमारे अकरा हजार ओव्यांत लिहिलं, आणि त्यातला देव वैकुंठात राहतो. नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. क्लेमंटला ते लगेच कळलं असतं. आणि पंडिता रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करताना हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द कटाक्षाने वगळत होत्या. त्यांच्यात टर्टुलियनची काळजी दिसते. या तिघांत खरा ख्रिस्ती कोण, असं मराठी वाचक विचारत नाही. कोणत्या माणसाने, कोणत्या भाषेत, कोणासाठी, कोणती जोखीम पत्करून लिहिलं, हे तो पाहतो. टिळकांना जी सभ्यता आपण दाखवतो ती व्हॅलेंटिनसला का नाकारायची?

सर्वांत बोलका पुरावा मात्र चर्चच्या बाहेरचा आहे. प्लेटोच्या परंपरेतला तत्त्वज्ञ प्लोटायनस तिसऱ्या शतकात रोममध्ये शिकवत होता, आणि त्याच्या वर्गात काही नॉस्टिक ख्रिस्ती येऊन बसत. त्याचा शिष्य पॉर्फिरी गुरुचरित्रात सांगतो की ही मंडळी झोस्ट्रियानोस, अल्लोगेनेस अशा नावांचे साक्षात्कार-ग्रंथ दाखवत, आणि प्लेटो सत्याच्या तळाशी पोचलाच नव्हता असं म्हणत. प्लोटायनसने त्यांच्याविरुद्ध एक प्रकरण लिहिलं, अमेलियस या शिष्याने झोस्ट्रियानोसच्या खंडनासाठी चाळीस खंड लिहिले, आणि झोरोआस्टरच्या (जरथुष्ट्राच्या) नावावरचा एक ग्रंथ हल्लीचा बनाव आहे हे पॉर्फिरीने दाखवून दिलं. अमेलियसचे चाळीस खंड नष्ट झाले. ज्याचं खंडन करायचं होतं त्या नावाचे ग्रंथ नाग हम्मादीत निघाले. त्यांतलं परमतत्त्वाचं वर्णन वाचावं: ते असंही नाही, तसंही नाही, असण्याच्याही पलीकडचं आहे. प्लोटायनस ज्या परमतत्त्वाला ‘एक’ म्हणतो त्यापासून हे फार दूर नाही, आणि म्हणूनच तो चिडला होता. परके लोक चुकले तर एवढा राग येत नाही. त्याची तक्रार परमतत्त्वाबद्दल नव्हती, जगाबद्दल होती. ही माणसं विश्वाला आणि त्याच्या कर्त्याला वाईट म्हणतात, स्वतःला ग्रहताऱ्यांहून श्रेष्ठ समजतात, आणि सद्गुण कसा मिळवावा यावर त्यांच्याकडे एक ओळ नाही, असं तो लिहितो. एकाच सुंदर घरात राहणाऱ्या दोघांचा दृष्टांत तो देतो. एक जण बांधकामाला आणि बांधणाऱ्याला नावं ठेवतो, पण घर सोडत नाही. दुसरा नावं ठेवत नाही आणि निघायची वेळ येईल तेव्हा निघायला तयार असतो.

इथे रेघ कुठे पडली ते बघा. सृष्टी चांगली आहे की नाही या प्रश्नावर मूर्तिपूजकांचा तत्त्वज्ञ प्लोटायनस आणि ख्रिस्ती बिशप आयरेनियस एका बाजूला आहेत. परमतत्त्व शब्दांपलीकडचं आहे यावर प्लोटायनस आणि नॉस्टिक एका बाजूला. ‘ख्रिस्ती विरुद्ध ग्रीक’ ही रेघ या भांडणातून जातच नाही.

वेदांताचं काय? साम्य वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. नेति नेति ऐकत वाढलेल्या माणसाला अल्लोगेनेसची पानं ओळखीची वाटणारच. प्लोटायनस स्वतः इराणी आणि भारतीय विचार जाणून घेण्यासाठी सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या मोहिमेबरोबर पूर्वेकडे निघाला होता, पण मेसोपोटेमियातूनच परतला. या ओढीला इतिहासात जागा आहे. पण शांकर वेदांतात ईश्वर सर्वज्ञ आहे, अविद्या जिवाला बाधते. नॉस्टिक कथेत अविद्या खुद्द निर्मात्यालाच ग्रासून आहे, सगळी कथा तिथेच उभी आहे. हा फरक पुसून दोन्ही एकच म्हणणं हा नॉस्टिकांचा गौरव नव्हे. त्यांनी जी एक धाडसी गोष्ट म्हटली तीच आपण त्यांच्या तोंडून काढून घेतो. तसंच, त्यांना आजच्या मुक्त विचारांचे पूर्वज बनवणाऱ्यांनी थोमाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं वचन वाचावं. मरिया निघून जावी असं पेत्र म्हणतो, आणि येशू उत्तर देतो की मी तिला पुरुष बनवीन. ज्यूंच्या देवाला अज्ञानी ठरवणाऱ्या या कथांना ज्यूंच्या छळाच्या पुढच्या इतिहासाच्या उजेडात वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, तेही लपवू नये.

अभ्यासकही मोहातून सुटलेले नाहीत. येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ हे शब्द असलेला पपायरसचा तुकडा २०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी जाहीर केला, जगभर बातम्या झाल्या, आणि २०१६ मध्ये तो बनावट असल्याचं पुढे आलं. पण याच किंग यांनी आणि त्यांच्याआधी १९९६ मध्ये मायकल विल्यम्स यांनी फार मोलाचं काम केलं आहे: ‘नॉस्टिकवाद’ नावाचा एक सलग धर्म कधी होता का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. तो शब्दच सतराव्या शतकातला. डेव्हिड ब्राक यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, असा एक मर्यादित पंथ खरोखर होता आणि तो स्वतःला नॉस्टिक म्हणवत होता, बाकीच्यांवर ते नाव लादू नये. मला हे मत जास्त पटतं. पण कुठलंही पटलं तरी ‘नॉस्टिक म्हणतात’ असं सुरू होणारं वाक्य आता सहज लिहिता येत नाही. कोण म्हणतं, कुठल्या लेखात, हे सांगावं लागतं.

श्रद्धावान वाचक इथे मला अडवेल, आणि त्याचा अडथळा मला सर्वांत गंभीर वाटतो. तो म्हणेल, तुम्हाला निकाल नको असेल, मला हवा. उपासनेत काय वाचायचं, मुलांना काय शिकवायचं, हे तटस्थ राहून ठरत नाही. बरोबर आहे. चर्चला आपला ग्रंथसंच ठरवण्याचा अधिकार आहे, आणि सृष्टी चांगली आहे या बाजूने आयरेनियसने दिलेला कौल मला स्वतःला मोठा वाटतो. पण तो कौल श्रद्धेचा आहे, त्यावर इतिहासाची मोहोर मागू नये. आणि ज्याला आयरेनियस आपला वाटतो त्याने तर या पोथ्या आधी वाचाव्यात. ईर्ष्या कोणाची, या प्रश्नाचा काटा ज्याला टोचला नाही, त्याला आयरेनियस पाच खंड का लिहीत बसला ते कसं कळणार?

वाचायचं तर मराठीत वाचायला मिळावं, आणि ते मूळ ग्रीक-कॉप्टिकमधून. रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२४ मध्ये ते मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. या पोथ्या तर बायबलपेक्षा कितीतरी लहान आहेत. सुरुवात करायला व्हॅलेंटिनसचा शिष्य टॉलेमी याने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेलं पत्र चांगलं. एपिफेनियसने ते खंडनासाठी नकलून ठेवलं, आणि त्याच्यामुळेच ते ग्रीकमध्ये टिकलं. मोशेचं नियमशास्त्र कोणाचं, हा फ्लोराचा प्रश्न होता. टॉलेमी तिला येशूच्याच शब्दांवरून दाखवतो की त्यातला काही भाग देवाचा, काही मोशेचा स्वतःचा, काही वडीलजनांचा. घटस्फोटाची मुभा मोशेने लोकांच्या मनाच्या कठोरपणामुळे दिली, असं येशू म्हणाला होता ना? आणि नियमशास्त्र देणारा तो देवही परिपूर्ण पिता नव्हे, सैतानही नव्हे, तर मधला, न्यायी कारागीर आहे. पत्र काही पानांचंच आहे. त्यात शिवी नाही, धमकी नाही, गुप्त मंत्र नाही. पुढचं पुढच्या वेळी सांगेन, असं म्हणून टॉलेमी थांबतो.